जुन्या मारुती 800चे स्टॅबिलायझर बुश : रबर ठेवावे की पॉलियुरेथेन बसवावे?

पार्श्वभूमी

चिपळूण परिसरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे 2003 सालची मारुती 800 आहे. गाडी नवी घेतल्यापासून त्यांच्याकडेच आहे. अधूनमधून कुंभार्ली घाटाने कराडला जाणे आणि एरवी बाजार, बँक, दवाखाना एवढाच तिचा वापर. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीला पूर आला तेव्हा गाडी अंगणात उभी होती आणि पाणी दरवाजांच्या खालच्या कडेपर्यंत चढले होते. पूर ओसरल्यावर चारही ब्रेक उघडून साफ केले गेले, चाकांचे बेअरिंग बदलले, गिअर ऑइल नवे भरले आणि आतले कार्पेट उन्हात वाळवले. खालच्या रबरी बुशांकडे, म्हणजे सांध्यांत धातूच्या भागांमध्ये बसणाऱ्या लवचिक कड्यांकडे, मात्र कोणी पाहिले नाही. पाण्याने रबराचे काही बिघडत नाही, असा सर्वसाधारण समज आहे आणि नुसत्या पाण्यापुरता तो खराही आहे. पुराच्या पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ कुठे जाऊन बसला, हा प्रश्न त्या धावपळीत कोणाच्या मनात आला नाही.

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांपर्यंत चालते आणि त्यानंतर दर 5 वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. या गाडीची पुढची तपासणी 2023 मध्ये होती. त्याच्या आधीच्या काही महिन्यांत पुढच्या डाव्या चाकाकडून ठोका ऐकू येऊ लागला, ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित डावीकडे ओढू लागली आणि घाटातल्या वळणांवर स्टिअरिंग पूर्वीसारखे हाताला सांगत नाही, अशी मालकांची तक्रार सुरू झाली. एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलून अलाइनमेंट करण्यात आले. ठोका कायम राहिला आणि डाव्या टायरची एक कड पुन्हा झिजू लागली.

या गाडीत स्टॅबिलायझर बार काय काम करतो

पुढचे सगळे निर्णय या एका बाबीवर अवलंबून असल्यामुळे ती आधी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

बहुतेक गाड्यांत स्टॅबिलायझर बारकडे एकच काम असते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते तेव्हा बाहेरच्या चाकाकडचे सस्पेन्शन दबते आणि आतल्या चाकाकडचे सुटते. दोन्ही बाजूंना जोडणारा पोलादी बार अशा वेळी पिळला जातो आणि त्या पिळाला विरोध करताना गाडीचे कलणे कमी करतो. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी उचलली गेली तर बार पिळला जात नाही, बॉडीवरच्या क्लॅम्पमध्ये तो नुसता फिरतो. अशा गाडीत बुश झिजले तर आवाज येतो, वळणावर गाडी थोडी अधिक कलते, आणि एवढ्यावरच ते भागते.

मारुती 800ची पुढची रचना वेगळी आहे. तिचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा, त्रिकोणी नाही. तो एक आखूड, सरळ आर्म आहे, ज्याच्या आतल्या टोकाला एक बुश आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. असा आर्म चाकाला आत-बाहेर धरून ठेवतो, पण पुढे-मागे धरून ठेवणे त्याच्या आवाक्यात नाही. ते काम स्टॅबिलायझर बारकडे सोपवलेले आहे. बारची दोन्ही टोके दोन बाजूंच्या लोअर आर्ममधून आरपार जातात, तिथे बुश, वॉशर आणि नट लावून पक्की केलेली असतात, आणि मधला भाग बॉडीवर दोन क्लॅम्पमध्ये बसतो. ब्रेक दाबल्यावर चाक मागे सरकू पाहते तेव्हा त्याला रोखणारी साखळी म्हणजे आर्मच्या टोकातला बुश, बार आणि क्लॅम्पमधला बुश. यातले रबर सैल झाले की ब्रेकच्या वेळी चाक काही मिलिमीटर मागे जाते, कॅस्टरचा कोन (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) बदलतो, आणि दोन बाजूंची झीज कमीजास्त असेल तर गाडी एका बाजूला ओढते. म्हणूनच या गाडीतल्या बुशाचा संबंध आवाजापेक्षा ब्रेक आणि स्टिअरिंगशी अधिक आहे. शॉकअब्सॉर्बर बदलून दोष का गेला नाही आणि अलाइनमेंट का टिकले नाही, याचे उत्तरही यातच होते, कारण स्थिर नसलेल्या चाकाचा कोन मोजून लावण्याला काही अर्थ उरत नाही.

तपासणी

मालक नंतर गावातल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेले. त्यांनी काहीही उघडण्याआधी गाडी स्वतः चालवून पाहिली. स्पीड ब्रेकर आधी सरळ ओलांडला, मग तिरका, म्हणजे एक चाक आधी आणि दुसरे नंतर चढेल असा. सरळ जाताना ठोका पुसट होता, तिरके जाताना स्पष्ट आला. त्यानंतर मोकळ्या जागेत गाडी रिव्हर्समध्ये थोडी मागे घेऊन ब्रेक दाबला, लगेच पुढे घेऊन पुन्हा दाबला. दिशा बदलल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला दर वेळी एकच ठोका आला, त्यापुढच्या ब्रेकला आला नाही. ही चाचणी फार उपयोगी आहे, कारण शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगचा आवाज असा दिशेप्रमाणे बदलत नाही. एखादा भाग पुढे-मागे सरकून पहिल्या धक्क्याला दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो, तेव्हाच असा एकेरी ठोका येतो.

"गुरुजी, शॉकअब्सॉर्बरचा यात काही दोष नाही. बार जाग्यावर राहत नाहीये," एवढेच सांगून त्यांनी गाडी पिटवर घेतली. लोखंडी टॉमी आर्म आणि बारच्या मध्ये घालून रेटल्यावर डाव्या टोकाची हालचाल डोळ्यांना दिसत होती.

क्लॅम्प उघडल्यावर जे दिसले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. डाव्या क्लॅम्पमधल्या बुशाचे गोल भोक अंडाकृती झाले होते आणि आतला पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. त्यावर तपकिरी भुकटीचा थर होता. बोटांत चोळल्यावर त्यातले बारीक कण टोचत होते, म्हणजे तो नुसता गंज नव्हता, त्यात पुराचा गाळ मिसळलेला होता. बुश बसतो त्या ठिकाणी बारवर चकचकीत पट्टा पडला होता आणि नख फिरवल्यावर त्याच्या कडेची पायरी जाणवत होती. व्हर्नियरने मोजल्यावर डावीकडे बार अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा अधिक झिजलेला निघाला, उजवीकडे त्याहून बराच कमी. मूळचे रबर बारला घट्ट पकडून ठेवते आणि लहान हालचाल रबर स्वतःच्या लवचिकपणात सामावून घेते. जुने होऊन ते आकसले, बार त्यात घसरू लागला आणि तिथे गाळ शिरला, की तो गाळ व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखा दोन्ही पृष्ठभाग खात राहतो. आर्मच्या टोकातले बुश फाटलेले होते. बॉल जॉइंट मात्र ठीक होते.

पर्याय

मालकांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. सगळे बुश पॉलियुरेथेनचे, म्हणजे बाजारात ज्यांना पीयू बुश म्हणतात तसे बसवावेत, असा त्याचा आग्रह होता. ते जास्त टिकतात आणि गाडी वळणावर कमी कलते, हे त्याचे म्हणणे होते. मेकॅनिकचे मत साधे होते: कंपनीचे रबरी बुश बसवावेत, त्यांनी इतकी वर्षे काम केले आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणून एकेक बाजू तपासली गेली.

टिकाऊपणाचा मुद्दा निम्माच खरा आहे. पॉलियुरेथेन रबरापेक्षा बरेच कडक असते. स्टॅबिलायझरच्या रबरी बुशाची कठीणता शोअर ए मापावर साधारण 55 ते 70 च्या दरम्यान असते, तर पीयू बुशाची 80 ते 95 च्या दरम्यान. ते लवकर चेपत नाही आणि ऑइल-ग्रीसने फुगत नाही. पण त्यात बार पकडला जात नाही, तो आत घसरतो, आणि घसरायचे म्हटले की ग्रीस लागते. कोकणातल्या पावसात, चिखलाच्या रस्त्यावर, क्लॅम्पमधले ग्रीस किती काळ टिकेल हा प्रश्न पुण्यात बसून वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. दुसरी गोष्ट अशी की पॉलियुरेथेन एकाच प्रकारचे नसते. पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन उष्ण आणि दमट हवेत पाण्याशी प्रक्रिया होऊन हळूहळू ठिसूळ होते, तर पॉलिईथर जातीचे पाण्यात चांगले टिकते. मुलाने प्रथम शोधलेल्या संचावर यातले काहीच लिहिलेले नव्हते आणि विक्रेत्यालाही ते सांगता आले नाही. तो संच तिथेच बाजूला ठेवला गेला, आणि हा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

कलणे कमी होण्याच्या मुद्द्याचे उत्तर यंत्रशास्त्रात आहे. बार आणि बुश या एकामागोमाग जोडलेल्या दोन स्प्रिंग आहेत असे समजले, तर एकूण ताठरता दोहोंपैकी मऊ असलेल्या स्प्रिंगवर मुख्यतः अवलंबून असते. साडेसहाशे किलोच्या आसपास वजनाच्या गाडीचा बारीक बार हीच इथली मऊ स्प्रिंग आहे. चांगल्या स्थितीतले रबर काढून पीयू घातल्याने तिच्यात फारसा फरक पडत नाही. कलणे खरोखर कमी करायचे तर बारचा व्यास वाढवावा लागतो, कारण पिळाविरुद्धची ताठरता व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते: व्यास 10 टक्के वाढवला की ताठरता सुमारे 46 टक्के वाढते. हा पर्याय मात्र चर्चेत टिकला नाही. पुढचा बार जाड केला की वळणावर पुढच्या टायरांवरचा भार अधिक असमान होतो, गाडी वळणाच्या बाहेर जाऊ पाहते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकाला अधिक जाणवतो. 145/70 आर12 मापाच्या टायरांवर चालणाऱ्या घरगुती गाडीला याची काही गरज नव्हती.

खरा पेच आर्मच्या टोकातल्या बुशांचा होता. सस्पेन्शन वरखाली होते तसा आर्म आणि बार यांच्यातला कोन सतत बदलतो आणि तो बदल टोकातल्या बुशाला सोसावा लागतो. रबर वाकून तो सोसते. तिथे कडक पीयू घातले तर तो ताण थेट बारच्या टोकावर आणि आट्यांवर जातो. जुन्या डॅटसन 240झी या गाडीत अशाच कामाच्या रॉडच्या दोन्ही बाजूंना पॉलियुरेथेन बसवल्यावर रॉड तुटल्याच्या घटना तिच्या मालकवर्गाला चांगल्या ठाऊक आहेत. मारुती 800मध्ये ते टोक तुटले तर चाकाला मागे जाण्यापासून रोखणारे काहीच उरत नाही. कुंभार्लीच्या उतारावर, ब्रेक दाबलेला असताना, याचा अर्थ काय होईल हे सांगायला नको. वडिलांनी हे ऐकून टोकातल्या पीयूला स्पष्ट नकार दिला आणि मुलानेही तो मान्य केला.

शेवटी ठरले ते असे: आर्मच्या टोकात आणि आर्मच्या आतल्या बाजूला कंपनीचे नवे रबर, बॉडीवरच्या दोन क्लॅम्पमध्ये मात्र पॉलिईथर जातीचे पीयू, तेही ज्या उत्पादकाने पदार्थाचा प्रकार लेखी कळवला त्याचेच.

झिजलेल्या बारचा प्रश्न

इथे एक अडचण उभी राहिली जी आधी कोणी धरली नव्हती. रबरी बुश क्लॅम्प आवळल्यावर दबून अर्ध्या मिलिमीटरची झीज झाकू शकतो. पीयू दबत नाही. त्याचे भोक न झिजलेल्या बारच्या मापाचे असते, त्यामुळे झिजलेल्या पट्ट्यावर ते पहिल्या दिवसापासून सैल बसले असते आणि ठोका परत आला असता. म्हणजे क्लॅम्पमध्ये पीयू हवे तर बार बदलणे भाग होते. रबर घातले असते तर तोच बार आणखी काही वर्षे चालला असता.

नवा बार मिळायला वेळ लागणार होता आणि तपासणीची तारीख जवळ होती. मेकॅनिकने कराडच्या एका भंगार व्यावसायिकाकडून मोडीत काढलेल्या गाडीचा बार आणला. सपाट फरशीवर ठेवून तो वाकलेला नाही याची खात्री केली, वळणांजवळचा आणि आट्यांजवळचा भाग वायर ब्रशने घासून भिंगातून तडे पाहिले, बुशाच्या जागा व्हर्नियरने मोजल्या. बार चांगला निघाला.

केलेले काम

आदल्या दिवशी सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारे ऑइल मारून ठेवले होते, तरी डाव्या क्लॅम्पचा एक बोल्ट तुटलाच. तो ड्रिलने काढून आट्यांवर टॅप फिरवावा लागला. क्लॅम्पच्या आजूबाजूचा पत्रा हातोडीने ठोकून तपासला, कारण ब्रेकचा भार शेवटी त्या पत्र्यावरच येतो. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत वीस वर्षे काढलेल्या गाडीचा हा भाग सडलेला निघाला असता तर बुश बदलण्याला काही अर्थ नव्हता. तो शाबूत होता. पत्रा साफ करून त्यावर प्रायमर आणि रंग मारला.

गाडी पुढून दोन्ही बाजूंनी उचलून घोड्यांवर ठेवली होती. एकच चाक उचलले तर बार पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि शेवटचा बोल्ट सुटताना उसळतो. बार निघाल्यावर आर्म पुढे-मागे मोकळे होतात, म्हणून त्या अवस्थेत गाडी इंचभरही ढकलू नये. पीयू बुशांच्या आत आणि बारवर सिलिकॉन ग्रीस लावले. टोकातल्या रबरांना मात्र साधे ग्रीस लागू दिले नाही, बसवताना फक्त साबणाचे पाणी वापरले. सगळे नट आधी हातानेच बसवून गाडी पिटवर उतरवली, पुढून दोन-तीनदा दाबून हलवली आणि चाकांवर पूर्ण वजन असताना मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळले. आर्मच्या आतल्या बुशासाठी हे फार महत्त्वाचे आहे. चाक लोंबकळत असताना तो आवळला तर त्याचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. टोकांच्या नटना नव्या स्प्लिट पिना घातल्या. अलाइनमेंट सर्वांत शेवटी केले. या गाडीत कॅस्टर लावता येत नाही, टो (पुढच्या चाकांच्या तोंडांचा आत-बाहेरचा कोन) तेवढा लावता येतो, पण बुश जाग्यावर आले की कॅस्टर आपोआप मूळ स्थितीला येतो.

परिणाम

रिव्हर्सनंतरच्या पहिल्या ब्रेकचा ठोका पूर्ण गेला. गाडी ब्रेकला सरळ थांबू लागली, वळण संपल्यावर स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर येऊ लागले, आणि तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली. टायरची कड झिजणेही थांबले. कलण्यात काही फरक पडला का, यावर बापलेकांचे एकमत झाले नाही. मुलाला फरक जाणवतो, वडिलांना जाणवत नाही. वर मांडलेला हिशोब पाहता वडिलांचे निरीक्षण मला अधिक पटते.

पुढे 2023 चा पावसाळा सरत असताना, गणपतीच्या सुमारास, स्पीड ब्रेकरवर कुरकुर सुरू झाली. क्लॅम्पवर साबणाचे पाणी फवारल्यावर आवाज थोडा वेळ गेला, त्यावरून जागा निश्चित झाली. उजवा क्लॅम्प उघडल्यावर ग्रीस जवळजवळ वाहून गेलेले आणि बारवर चिखलाची बारीक रेघ बसलेली आढळली. बार अजून झिजला नव्हता. साफ करून पुन्हा सिलिकॉन ग्रीस भरले. तेव्हापासून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर हे काम ठरवून केले जाते, आणि 2024 च्या पावसाळ्यानंतर पाहिले तेव्हा पीयू बुश आणि टोकातले रबर दोन्ही चांगल्या स्थितीत होते.

वेगळे काय करता आले असते

टोकातले रबर, आर्मचे बुश, क्लॅम्पमधले पीयू, बार आणि अलाइनमेंट हे सगळे एकाच वेळी बदलल्यामुळे कशाचा किती उपयोग झाला हे स्वतंत्रपणे सांगता येत नाही. तारीख जवळ नसती तर आधी फक्त टोकातले रबर बदलून आठवडाभर गाडी चालवून पाहणे योग्य ठरले असते. ब्रेकचा ठोका आणि ओढणे बहुतांश त्यानेच गेले असते, असे माझे मत आहे.

वापरलेला बार हा दुसरा मुद्दा. या गाडीत बार चाकाला धरून ठेवतो, आणि त्याच्या मागच्या आयुष्यात त्याने किती धक्के खाल्ले हे भिंगातून दिसत नाही. वेळ लागला तरी नवा बार घ्यायला हवा होता, किंवा क्लॅम्पमध्येही रबर ठेवून जुन्याच बारवर काम भागवायला हवे होते. दुसरा मार्ग स्वस्त होता आणि त्यात ग्रीसची कटकटही नव्हती.

तिसरा मुद्दा 2021 चा आहे. पुरातून निघालेल्या गाडीचे ब्रेक आणि बेअरिंग उघडले जातात तेव्हाच दोन क्लॅम्प सोडवून बुश आणि बार धुऊन काढणे हे त्याच वेळचे थोड्या वेळाचे काम होते. तसे केले असते तर बारवर पट्टा पडला नसता. त्या मेकॅनिकने आता पाण्यात राहिलेल्या प्रत्येक गाडीसाठी हे काम आपल्या यादीत घातले आहे.

या गाडीतले पीयू मेकॅनिक काढणार नाहीत, कारण मालक ग्रीसचे वेळापत्रक पाळतात. त्यांच्याकडे येणाऱ्या इतर मारुती 800 गाड्यांना ते चारही ठिकाणी कंपनीचे रबरच बसवतात.